किती शुद्ध बोलता तुम्ही

मी पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिले तेव्हा मला भाषणातलं एक वाक्यही बोलता आलं नाही. जळगावातल्या आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, मी आठवीत होते. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग’ एवढं म्हणून झालं आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. मी खाली उतरले, सरळ फाटकाबाहेर पडले आणि आबांच्या दुकानात जाऊन कापसाच्या ढिगामागे बसले.

आबा म्हणजे माझे वडील. आम्ही पिंजारी. गाद्या-रजया भरायचं त्यांचं दुकान होतं. आजोबा दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातून जळगावला आले ते आपली अहिराणी घेऊनच आले, आणि घरात सगळे तीच बोलत. नमाजापुरती अरबी पाठ होती. उर्दू मात्र आमच्यात कुणालाच धड येत नव्हती. उर्दू शाळा दोन गल्ल्या सोडून होती, तरी आबांनी मला मराठी शाळेत घातलं, कारण तिथल्या मास्तरांचं बोलणं त्यांना कळत होतं. यात धोरण वगैरे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या बाईंनी मला बोलावलं.

“पळालीस कशाला?”

“विसरले, बाई.”

“विसरली नाहीस. श्वास संपला तुझा. श्वास संपला की माणसाला वाटतं आपण विसरलो.”

इतकं नेमकं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून शाळा सुटली की बाई मला थांबवून घेत. त्या रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायच्या, मी फळ्यापाशी उभी. मी बोलायला लागले की त्या म्हणायच्या, “ऐकू नाही आलं.” पुन्हा बोलले की, “वाक्याचं शेपूट गिळलंस.” ओरडायचं नाही, पोटातून बोलायचं. प्रश्न विचारला की थांबायचं, लोकांना मनातल्या मनात उत्तर देऊ द्यायचं. टाळी मागायची नाही. हात कुठे ठेवायचे हे कळत नसेल तर ते विसरून जायचे. हे सगळं मी बाईंकडून शिकले, आणि आजही कुणाला शिकवायची वेळ आली तर हेच शिकवते. त्यांचं ऋण मी नाकारत नाही. कडवटपणा आहे तो दुसऱ्या गोष्टीचा.

माझं बोलणंही त्यांनी घासूनपुसून घेतलं. ‘आहे’साठीचं ‘शे’ गेलं, ‘सगळे’साठीचं ‘बठ्ठा’ गेलं. ‘पानी’चं ‘पाणी’ झालं. ण आणि ळ तर त्यांनी माझ्याकडून घोटूनच घेतले. खरं तर वर्गातल्या निम्म्या मुली ‘पानी’च म्हणायच्या. पण त्यांचं ‘पानी’ खेड्यातलं मानलं जायचं आणि माझं उर्दूतून आलेलं. मी एकदा सांगून पाहिलं, बाई, आम्हाला उर्दू येत नाही. बाई प्रेमानं हसल्या. “अगं, रक्तात असते ती.”

पुढच्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेत मी पहिली आले. विषय होता ‘राष्ट्रीय एकात्मता’. भाषण बाईंनीच लिहून दिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, ‘माझे अब्बाजान मला नेहमी सांगतात’. मी म्हटलं, “बाई, आम्ही आबा म्हणतो.”

“ते कळणार नाही लोकांना.”

म्हणून मी अब्बाजान म्हणाले. आबांनी मला कधीच काही सांगितलेलं नव्हतं. त्यांना दिवसभर कापूस पिंजायच्या धुनकीच्या आवाजापुढे बोलणंच शक्य नसायचं, आणि संध्याकाळी ते थकलेले असत. पण सभागृहात ते वाक्य आलं आणि लोक खुर्चीत सरसावून बसले. निकाल सांगताना परीक्षक म्हणाले, “या मुलीचं विशेष कौतुक. मुस्लिम असूनही किती शुद्ध मराठी बोलते!” माझ्या भाषणाला पडल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या त्या वाक्याला पडल्या. मला तेव्हा आनंदच झाला. ढाल हातात घेऊन मी घरी पळत गेले.

त्यानंतर माझा विषय ठरून गेला. पाण्यावर बोलायचं म्हटलं, वाचनावर बोलायचं म्हटलं, तरी बाई म्हणायच्या, “त्यावर कुणीही बोलेल. हा विषय तू बोललीस की वजन येतं.” वजन यायचंच. मी उभी राहिले की पहिलं वाक्य बोलायच्या आधीच लोकांच्या चेहऱ्यावर एक मायाळू हसू उमटायचं. लहान मूल पहिल्यांदा चालतं तेव्हा घरातले हसतात तसं. इतर मुलींना सभा जिंकावी लागायची. मला ती आयती मिळायची, आणि आयत्या मिळालेल्या सभेत माणसाला काही कमावता येत नाही हे कळायला मला फार वर्षं लागली.

दहावीच्या वर्षी शाळेत माझा सत्कार ठरला. बाईंनी निरोप दिला, “वडलांना घेऊन ये. आणि येताना टोपी घालून या म्हणावं. पेपरात फोटो येणार आहे.” आबा टोपी शुक्रवारी घालत. इतर दिवशी डोक्याला रुमाल, कारण कापूस केसांत बसतो. तो दिवस शुक्रवार नव्हता. मी निरोप सांगितला तेव्हा त्यांनी खुंटीवरची टोपी काढून झटकली आणि घातली. फोटो छान आला. कार्यक्रमानंतर आम्ही दोघं चालत घरी येत होतो. वाटेत त्यांनी विचारलं, “बठ्ठा लोके खूश शेतस. तू खूश शेस का?”

“हा, आबा,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मी खरोखर चांगली बोलते, हे मला स्वतःला कळलं ते धुळ्यात. अकरावीत असताना तिथे एका महाविद्यालयात उत्स्फूर्त भाषणाची स्पर्धा होती. चिठ्ठी उचलायची आणि थोडा विचार करून बोलायचं. बाई आता माझ्या शिक्षिका नव्हत्या, तरी हौसेनं सोबत आल्या होत्या. माझ्या चिठ्ठीत होतं, ‘माझ्या घरातील एक वस्तू’. मी स्टेजवर गेले आणि गादीबद्दल बोलले.

लोक जुनी गादी पुन्हा भरायला आणून टाकतात तेव्हा तिच्यातून काय काय निघतं ते मी सांगितलं. हेअरपिना, गोळ्यांची रिकामी पाकिटं, मुलाचा दुधाचा दात, सासूनं शिवून ठेवलेला अंगारा. कुणाच्या गादीची एकच बाजू दबलेली असते आणि दुसरी कोरी करकरीत, आणि त्यावरून माझे वडील त्या घराबद्दल काय ओळखतात आणि ते गिऱ्हाइकाला का सांगत नाहीत. एक बाई गादी आणायची ती दरवेळी म्हणायची, कापूस घट्ट भरा, आणि तिचा नवरा मागाहून येऊन सांगायचा, जरा मऊच भरा. लोक हसत होते. मग मी, गेलेल्या माणसाची गादी भरायला येते तेव्हा दुकानात काय होतं ते सांगितलं, आणि हसणारं सभागृह एकदम गप्प झालं. ते गप्प होणं मी केलं होतं. कुणी मला आयतं दिलं नव्हतं. माझे पाय जमिनीवर होते, श्वास पुरत होता, शेवटच्या रांगेतला मुलगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याआधी आणि त्यानंतरही मी तसं कधी बोलले नाही.

मला उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांतले एक जण खाली उतरून मुद्दाम माझ्याजवळ आले. “चांगलं बोललीस, पण विषय हलका केलास. तुझ्याकडून वेगळी अपेक्षा होती. तुझ्या समाजाची वेदना मांडायला हवी होतीस.”

“सर, विषय घरातली वस्तू होता,” मी म्हटलं.

“तरीसुद्धा,” ते म्हणाले.

परतीच्या एस.टी.त पारोळा मागे पडलं. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “गादीवर बोलायची काय गरज होती? लोक भाषणाला नाही हसले. तुला हसले.” मी सतरा वर्षांची होते. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगते. मी बी.ए., बी.एड. केलं आणि धुळ्यात एका खासगी संस्थेच्या माध्यमिक शाळेत लागले. मुलाखतीला संस्थेचे सचिव बसले होते. त्यांना सगळे नाना म्हणत. मी शाळेत असताना त्यांनी मला कुठल्याशा स्पर्धेत ऐकलं होतं. “तीच का तुम्ही? वा! किती शुद्ध बोलता!” नोकरी मिळाली. लग्न धुळ्यातच झालं. नवरा ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये हिशेब बघतो, घरी कमी बोलतो, माझं भाषण ऐकायला कधी येत नाही.

भाषणं वाढतच गेली. सव्वीस जानेवारी, ईद-मिलन, महाविद्यालयांची शिबिरं, आणि शहरात जरा ताण आला की शांतता समितीची बैठक. पोलीस ठाण्यातून फोन यायचा, “मॅडम, तुम्ही चार शब्द बोला, वातावरण निवळतं.” मी जायची, बोलायची, वातावरण निवळायचं. मी आता घाबरत नव्हते. माइक बंद पडला तरी बोलायची, मंत्री मध्येच उठून गेला तरी वाक्य तुटू द्यायची नाही. भाषणाला कुठे हसू येणार, कुठे डोळे भरणार, हे मला आधीच माहीत असायचं. गल्लीतल्या बायका मला रेशन ऑफिसला घेऊन जायच्या, “आपा, तू बोल, तुझं ऐकतात.” तिथला कारकून माझंही ऐकायचा नाही. एवढं सुरेख मराठी ऐकून तो फक्त इतकंच म्हणायचा, “तुम्ही यांच्यातल्या वाटत नाही.”

आम्ही राहत होतो ती गल्ली यंत्रमागांची. सकाळपासून खटखट चालायची. त्या आवाजाचं काही नाही, त्याची सवय होते. पण सुताचा बारीक तंतू हवेत असायचा आणि माझ्या मुलीला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, घर बदला. शाळा पांझरा नदीच्या पलीकडे, म्हणून तिकडेच घर शोधायला लागलो. घरं होती. फोनवर माझं बोलणं ऐकून मालक खूश व्हायचे, या बघायला म्हणायचे. शेवटी नाव विचारायचे आणि मग त्यांच्या भावाचा मुलगा अचानक पुण्याहून राहायला येणार असायचा. इतक्या भावांची इतकी मुलं पुण्याहून धुळ्याला येत असतील असं मला वाटलं नव्हतं.

नाना राहत होते त्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा होता. सोसायटीचे अध्यक्षही नानाच. मी धीर करून त्यांना विचारलं.

“अहो, तुम्हाला कोण नाही म्हणेल?” ते म्हणाले. “मी बोलतो.”

काही दिवसांनी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. “बाई, माझं काही नाही. तुम्ही मला घरच्यासारख्या. पण बाकीचे सभासद… तुम्ही समजदार आहात.”

मी समजदार होते. बरं म्हणाले आणि तासावर गेले.

त्याच वर्षी गणपतीत नानांनी मला पुन्हा बोलावलं. सोसायटीच्या मंडळात रोज एक वक्ता असतो. “एकात्मतेवर तुम्हीच बोला. आमच्याकडे सगळे तुमची वाट बघताहेत.” मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांना खरंच काही वाटत नव्हतं. फ्लॅटची गोष्ट वेगळी आणि भाषणाची वेगळी, हे त्यांच्या मनात इतकं स्वच्छ होतं की मलाच क्षणभर आपण वाकडं बघतोय असं वाटलं. मी हो म्हटलं. का म्हटलं, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आरती झाली. पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. बायका पुढे, पुरुष मागे खुर्च्यांवर. नानांनी ओळख करून दिली, नेहमीचीच. मी उठले. पहिली काही वाक्यं पाठ होती तशी बोलले. मग थांबले. थांबायचं ठरवलं नव्हतं.

“तुमच्या या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक घर रिकामं आहे,” मी म्हटलं. “मला ते भाड्यानं हवं होतं. माझ्या मुलीला दम्याचा त्रास आहे. मी नियमानं भाडं देणारी, शाळेत शिकवणारी बाई आहे. तुमच्यातल्या काहींची मुलं माझ्या वर्गात आहेत. मला ते घर मिळालं नाही. मी भांडायला आलेले नाही. तुम्ही मला एकात्मतेवर बोलायला बोलावलंत, तर मला याच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. मी खाली पार्किंगमध्ये चालते आणि वर दुसऱ्या मजल्यावर चालत नाही, ते का, एवढं मला कुणीतरी सांगावं.”

आवाज चढवला नाही. शेपूट गिळलं नाही. प्रश्न विचारला आणि थांबले.

पुढच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई मागे वळून पुरुषांना म्हणाल्या, “कोणी नाही म्हटलं यांना? आम्हाला तर कुणी विचारलंच नाही.”

खुर्च्यांवर कुणी हललं नाही. एकानं मोबाइल काढला. नाना उठले, माझ्या हातातून माइक घेतला, अगदी हळुवार घेतला, आणि म्हणाले, “मंडळी, प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका.” कुणीतरी स्पीकरवर गाणी लावली. त्या वयस्कर बाई माझ्याजवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि प्रसादाचा द्रोण देऊन गेल्या. टाळी एकही पडली नाही.

दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, “बाई, जागा पाहून बोलावं. मी तुमच्यासाठी काय काय केलं ते मला सांगायचं नाही.” त्यांनी नोकरीला धक्का लावला नाही, हेही सांगायला हवं. काही सभासद तक्रार घेऊन आले होते, त्यांना नानांनीच परत पाठवलं, असं मला शिपायाकडून कळलं. ते वाईट नव्हते. ते वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

जळगावहून बाईंचा फोन आला. त्या आता निवृत्त होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली माहीत नाही.

“मी तुला हे शिकवलं होतं?”

“बोलायला तुम्हीच शिकवलंत, बाई.”

“लोकांच्या दारात जाऊन त्यांचा अपमान करायला नाही शिकवलं. तुला माहीत नाही, तुला स्पर्धेला पाठवू नका म्हणणारे स्टाफरूममध्ये किती जण होते. मी एकटी भांडले. तुझ्यासाठी.”

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, “मग तेव्हा मला सांगायचं होतंत, बाई. मी त्यावर बोलले असते.”

 त्या म्हणाल्या, “तू बदललीस,” आणि फोन ठेवला. दिवाळीत मी अजूनही त्यांच्याकडे जाते. त्या चिवडा देतात, मुलीच्या अभ्यासाची चौकशी करतात. तो विषय आम्ही दोघी काढत नाही.

आबांना मी जळगावला जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दुकान केव्हाच बंद केलं होतं, अंगणात खाटेवर बसून असत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मंग? घर भेटनं का?”

“नई, आबा.”

“मंग बोलनी कसाले?”

मला वाटलं होतं ते पाठीवर हात ठेवतील. ते मनापासून विचारत होते.

घर आम्हाला मिळालं नाहीच. त्याच गल्लीच्या टोकाला, मागांपासून जरा लांब, एक खोली घेतली. मुलीचा दम्याचा पंप चालू आहे. पोलीस ठाण्यातून फोन येणं बंद झालं. महाविद्यालयांनाही माझी आठवण येईनाशी झाली. कुणी तसा निर्णय घेतला असेल असं मला वाटत नाही. एका तोंडातून दुसऱ्या कानात गेलं असेल, बाई बोलतात छान, पण जरा कडू झाल्यात.

यंदा सव्वीस जानेवारीला शाळेत दुसरा वक्ता होता. एका महाविद्यालयात नव्यानं लागलेले प्राध्यापक, आमच्याच समाजातले, तरुण. मी शिक्षकांच्या रांगेत बसून ऐकलं. आवाज चांगला होता, उच्चार स्वच्छ, हात कुठे ठेवायचे ते त्यांना ठाऊक होतं. ते उभे राहिले तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते बघायला मी मान वळवली नाही. शेवटी नाना उठून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

चहाच्या वेळी ते माझ्याकडे आले. “मॅडम, तुम्ही इथे खूप वर्षं बोलायच्या असं ऐकलं. माझं कसं झालं? काही सूचना असेल तर सांगा ना.”

कितीतरी वाक्यं माझ्या तोंडाशी आली. त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता, हातात नारळ आणि शाल, कपाळावर घाम.

“माइक तोंडापासून जरा लांब धरत जा,” मी म्हटलं. “‘प’ आणि ‘फ’ फुटतात.”

“हो का? थँक यू, मॅडम,” ते म्हणाले, आणि नानांनी हाक मारली म्हणून घाईनं फोटोसाठी गेले.